नोंद कोणी करावयाची?

ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला, १८८६ साली रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ साली येथेच निवर्तला. या तीस वर्षांचा वृत्तांत प्रामुख्याने उरला तो ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात. राजाचा तनखा आणि कर्ज यांची नोंद तेथे आहे. परंतु ती पहारा ठेवणाऱ्याने केलेली. वंशजांच्या आठवणींना सुधा शाह यांच्या ग्रंथात स्थान मिळाले ते २०१२ साली. थिबा राजबंदी होता, निर्वासित नव्हे. तथापि परमुलखात अडकलेल्या माणसाविषयी केवळ इतरांनीच लिहिले तर काय हरवते, हे त्याच्या उदाहरणावरून उमगते.

याउलट चित्र घाटापलीकडे, कोल्हापूरनजीक वळिवडे येथे दिसते. सोव्हिएत राजवटीने सायबेरिया व मध्य आशियात धाडलेले सुमारे ५००० पोलिश निर्वासित इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात तेथे राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. वसाहतीतील शाळा त्यांनी स्वभाषेत चालविल्या. पुढे देशोदेशी पांगल्यावर त्यांनीच संघटना उभारून आठवणी व कागदपत्रे ग्रंथरूपाने संकलित केली. २०१९ साली त्यांतील काही वृद्ध पुन्हा वळिवड्यास आले, तेव्हा सांगणारेही तेच होते.

निर्वासितांविषयीच्या संशोधनात आज हाच प्रश्न कळीचा आहे. प्रश्नावली घेऊन आलेल्या अभ्यासकाला शिधा किती मिळतो हे कळेल. पण रात्री पाणवठ्यावर जाण्याची भीती स्त्रियांना का वाटते, हे विचारण्याचे त्याला सुचेलच असे नाही. म्हणून प्रश्न ठरविताना, उत्तरांचा अर्थ लावताना आणि निष्कर्ष मांडताना निर्वासित सहकारी असावा लागतो. त्यात जोखीमही आहे. छापलेल्या एका नावामुळे मायदेशी राहिलेल्या आप्तांवर संकट ओढवू शकते. काय प्रसिद्ध करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार म्हणूनच त्याच्याकडे हवा.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही येथे नाही. जेथे कायद्याचे छत्र अपुरे, तेथे विश्वासार्ह नोंदीचे मोल अधिक. विद्यापीठांनी आणि स्थानिक महाविद्यालयांनी निर्वासितांना अभ्यासाचा विषय न मानता अभ्यासाचे भागीदार मानावे. आश्रय देणे हे औदार्य खरे. परंतु आश्रिताचे म्हणणे त्याच्याच शब्दांत जपणे, हे न्यायाचे काम आहे.