यादी रिकामी, की अजून वाटेवर?

सरसगडाच्या पायथ्याच्या पालीत कुणाला सातबारा पाहायचा असेल, तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा रायगड, तालुका सुधागड आणि मग गाव निवडावं लागतं. राज्यात चाळीस हजारांवर गावं आहेत. अशी अख्खी यादी मोबाइलवर ओतणं परवडत नाही, म्हणून सहसा तालुका निवडल्यावरच तेवढ्या गावांची मागणी सर्व्हरकडे जाते.

ही मागणी वाहून नेणाऱ्या काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. अंतराचा प्रश्न फारसा नसतो. वेळ खातात ती सर्व्हरवरची गर्दी आणि अधूनमधून जाणारी रेंज. पानावरची जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते. उत्तर येईपर्यंत ती ताटकळत बसली, तर स्क्रोलसुद्धा गोठेल. म्हणून मागणी पाठवून ती पुढच्या कामाला लागते. या पद्धतीला 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. 2015 मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाणात, नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारं ‘प्रॉमिस’ आलं.

घोळ होतो तो मधल्या वेळात. प्रोग्रामर सुरुवातीला यादी रिकामी ठेवतो आणि पान लगेच सांगून मोकळं होतं, ‘एकही गाव सापडले नाही’! वास्तविक यादी वाटेवर असते. ‘येत आहे’, ‘आली’, ‘आली पण रिकामी’ आणि ‘आणताना चूक झाली’ या चार अवस्था पानाने वेगळ्या दाखवायला हव्यात.

दुसरा घोळ अधिक फसवा. चुकून रोहा निवडलं, लगेच सुधागड केलं. सुधागडचं उत्तर आधी पोहोचलं, रोह्याचं रेंगाळून नंतर आलं, तर वर तालुका सुधागड आणि खाली गावं रोह्याची! उत्तरं मागणीच्या क्रमानेच येतील, याची हमी नसते. उपाय असा, की प्रत्येक मागणीला क्रमांक द्यायचा आणि शेवटच्या मागणीचंच उत्तर स्वीकारायचं. ‘अबॉर्ट कंट्रोलर’ वापरून जुनी मागणी रद्दही करता येते.

तिसरा प्रश्न ओळखीचा. पाली रत्नागिरी तालुक्यातही आहे, तेव्हा नावावर विसंबता येत नाही. 2013 मध्ये खुली झालेली ‘रिअ‍ॅक्ट’ ही लायब्ररी यादीच्या प्रत्येक ओळीला स्वतंत्र ‘की’ मागते. तिथे ओळीचा अनुक्रमांक दिला आणि वर नवी ओळ आली, तर एका गावापुढची खूण दुसऱ्यापुढे दिसू शकते. 2011 च्या जनगणनेतल्या सहा अंकी ग्रामसंकेतांकासारखी न बदलणारी ओळख इथे कामाला येते.

ऑफिसच्या वेगवान वायफायवर यातलं बरंचसं लक्षातही येत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट मुद्दाम मंद करायची सोय असते. ती लावून तालुका भराभर बदलून पाहिला, की पान कितपत भरवशाचं आहे ते कळतं.