चुका पोटात घालणारा ड्रायव्हर

बॉसने रविवारी गोल्फला बोलावलंय? क्लायंटने ‘एकदा ये ना रेंजवर’ म्हटलंय? मग अर्धा लाख उडवण्याआधी हे वाचाच!

“आई, ड्रायव्हर घ्यायचा म्हणतोय. चाळीसेक हजाराचा.”

फोनवर क्षणभर शांतता. मग थेट महागावहून अस्सल वऱ्हाडी सूर, “अरे बाप्पा! गाडी केव्हा घेतली तू? अन् डायवर का इकत घेतेत कुठं?”

आता तिला काय सांगणार? यवतमाळ-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या तालुक्याच्या गावात मैदान म्हणजे कापूस निघालेलं वावर आणि खेळ म्हणजे विटी-दांडू. गोल्फ फक्त टीव्हीवर, तेसुद्धा चॅनल बदलता बदलता दिसलेलं. पण पुण्यात फ्रीलान्सिंग करणाऱ्या माणसाला क्लायंटचं आमंत्रण म्हणजे हुकूमच. त्या रविवारी साहेबांनी मोठ्या मनाने स्वतःचा ड्रायव्हर हातात दिला. मी विटी कोलावी तसा जीव खाऊन फटका मारला. चेंडू सरळ निघाला, मग काय वाटलं कोण जाणे, उजवीकडे वळला आणि जाळीवरून थेट पार्किंगच्या दिशेने गेला. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. हसले असते तर बरं झालं असतं!

घरी येताना मनाशी ठरवलं, साहेबांकडे आहे अगदी तस्साच ड्रायव्हर घ्यायचा. निदान बॅगेकडे बघून तरी आपण बाहेरचे वाटायला नको. खरं सांगायचं तर आपल्यापैकी निम्मे लोक ड्रायव्हर याच कारणासाठी घेतात. आणि तिथेच फसतात.

तेंदूच्या भाऊबंदापासून टायटॅनियमपर्यंत

एक गंमत सांगतो. जुन्या ड्रायव्हरचं डोकं पर्सिमन नावाच्या लाकडाचं असायचं. हे झाड आपल्या विदर्भातल्या तेंदूच्याच कुळातलं. म्हणजे ज्याच्या पानांनी आमच्याकडे बिड्या वळल्या जातात, त्याच्या भाऊबंदाने तिकडे मोठमोठ्या स्पर्धा जिंकून दिल्या! पण ते डोकं मुठीएवढं. मधोमध लागला तर चेंडू सुसाट, जरा बाजूला लागला की हाताला झिणझिण्या आणि चेंडू झुडपात.

हे बदलण्यात अभियंत्यांचा मोठा हात. कार्स्टन सोलहाइम हे जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे गृहस्थ. त्यांनी 1959मध्ये पिंग नावाचा पटर बनवला आणि वजन मधे न ठेवता कडांना नेलं. पुढे 1979मध्ये टेलरमेडने धातूचा ड्रायव्हर आणला. 1991मध्ये कॅलवेने पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं नाव घेऊन ‘बिग बर्था’ काढला, तर 1995मध्ये त्याचाच टायटॅनियमचा अवतार आला. डोकी इतकी फुगत गेली, की नियम करणाऱ्यांना 2004मध्ये 460 घन सेंटिमीटरची मर्यादा घालावी लागली.

कडांना वजन नेल्याने काय होतं? कावड आठवा. दोन टोकांना दोन घागरी असल्या की खांद्यावरची कावड पटकन वळत नाही. तेच वजन मधोमध बांधा, काठी झटकन गरगरते. ड्रायव्हरचंही तसंच. वजन कडांना आणि मागे असेल, तर चेंडू टोकाला लागला तरी डोकं हातात कमी वळतं. चेंडूचा वेग कमी घटतो, दिशा कमी बिघडते. न वळण्याच्या या हट्टाला एमओआय म्हणतात. तो जितका जास्त, तितका ड्रायव्हर ‘फरगिव्हिंग’. आपल्या भाषेत, चुका पोटात घालणारा! त्यालाही 2006पासून मर्यादा आहे, 5900 एकक. जाहिरातीत दिसणारं ‘10के’ म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांच्या एमओआयची बेरीज दहा हजारांच्या वर. 2024च्या सुरुवातीला पिंग आणि टेलरमेड या दोघांनीही असे ड्रायव्हर बाजारात आणले.

साहेबांच्या चुका वेगळ्या, आपल्या वेगळ्या

साहेबांचा ड्रायव्हर होता 9 अंश लॉफ्टचा, कडक म्हणजे स्टिफ शाफ्टचा. वीस वर्षं खेळून त्यांचा स्विंग वेगवान झालाय, चेंडू ते बहुतेक वेळा मधोमध पकडतात. आपला स्विंग तसा नाही. कमी लॉफ्टवर चेंडूला मागची फिरकी कमी मिळते, मग बाजूची फिरकी जास्त जाणवते आणि आपला तो कुप्रसिद्ध स्लाइस आणखी वळतो. म्हणून नव्या खेळाडूने 10.5 किंवा थेट 12 अंश घ्यावा. त्यात लाज कसली? उलट मध्यम वेगाच्या स्विंगला जास्त लॉफ्टने चेंडू बरेचदा लांबच जातो.

लांबीचंही तसंच. दुकानातले बहुतेक ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात. काठी लांब, तर मधोमध मारणं अवघड. घेतलेला ड्रायव्हर एक इंच खाली धरून बघा, फुकटात फरक दिसेल.

आता एक कटू सत्य. हा ड्रायव्हर सगळंच पोटात घालत नाही. चेंडू फेसच्या कडेला लागला, तर तो सांभाळून घेईल. पण फेसच उघडा राहिला, तर चेंडू उजवीकडे जाणारच. टाचेकडे जास्त वजन असलेली ‘ड्रॉ’ मॉडेल्स थोडी मदत करतात, बाकी काम प्रशिक्षकाचं. म्हणून बजेटमधले काही हजार दोन-तीन धड्यांसाठी बाजूला काढाच.

आणि चेंबूरची पोरं?

‘हे सगळे लाड आहेत, खरा खेळाडू कशानेही खेळतो,’ असं कोणीतरी म्हणणारच. खरंय. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबजवळच्या वस्तीतली पोरं वाकवलेल्या लोखंडी सळ्या आणि प्लास्टिकचे चेंडू घेऊन गल्लीत गोल्फ खेळायची. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुद्झोवाती यांनी ते फोटोंमधून जगाला दाखवलं. सळई एकही चूक माफ करत नाही. पण ती पोरं गल्लीत तासन्‌तास घालवायची. तुम्हा-आम्हाला मिळतो एक रविवार, तोही ट्रॅफिकमधून उरला तर! ज्याच्याकडे वेळ नाही, त्यालाच माफीची गरज जास्त.

दुकानात जाण्याआधी

• एकेका ड्रायव्हरने दहा-दहा चेंडू मारा. सगळ्यात लांब गेलेला विसरून जा, सगळ्यात वाईट तीन कुठे गेले ते बघा. ज्याचे वाईट फटके कमी वाईट, तो आपला!
• चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका द्या आणि तो फेसकडे ठेवा. फटक्यानंतर फेसवर उमटलेला डाग सांगतो, आपण मारतोय कुठे.
• शाफ्ट रेग्युलरपासून सुरू करा. ‘स्टिफ’ म्हणजे मर्दानगीचं सर्टिफिकेट नव्हे.
• सेकंडहँडला नाक मुरडू नका. आकाराची मर्यादा 2004पासून तीच असल्याने तीन-चार वर्षं जुनं ‘मॅक्स’ मॉडेलही भरपूर माफ करतं. फक्त नकली मालापासून सावध राहा. भाव फारच गोड असेल तर विक्रेता नीट पारखा.
• टी इतकी उंच लावा, की अर्धा चेंडू ड्रायव्हरच्या माथ्यावर दिसेल.

मी शेवटी घेतला तीन वर्षं जुना, 12 अंशांचा, रेग्युलर शाफ्टचा. अर्ध्याहून कमी पैशात. पुढच्या रविवारी साहेबांनी तो हातात घेऊन उलटापालटा बघितला, 12चा आकडा वाचला आणि काहीच बोलले नाहीत. मी दहा चेंडू मारले. दोन उजवीकडे गेले, पण जाळीच्या आत! बाकीचे आठ समोर. पाचव्या चेंडूनंतर मी आजूबाजूचे लोक बघताहेत का, हे बघायचंच विसरलो होतो.

रात्री आईचा फोन आला, “मंग, भेटला का डायवर?”

“भेटला आई.”

“सभावानं कसा हाये?”

म्हटलं, “तुझ्यासारखाच. चुका पोटात घालतो.”