किंग्जवेचे ब्रेक

सकाळी सात. गॅरेजचं शटर वर गेलं की मी आधी बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा होतो. रात्रभर उभ्या गाडीचं दुखणं चाकाच्या आतल्या बाजूला दिसतं. आज मागच्या डाव्या टायरवर ओघळ आहे, बोटाला चिकट लागतोय. ब्रेक ऑइलच.

गाडी डॉज किंग्जवे, पन्नासच्या दशकातली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. गाडी अमेरिकन खरी, पण हिच्या नट-बोल्टांवर पहिला पाना मुंबईतच फिरला. जगात कुठेही अमेरिकेबाहेर अशी गाडी सांभाळणाऱ्याला पार्टसाठी वणवण करावी लागते. आमच्या वाट्याला निदान कुर्ला आलं.

आठ वाजता मालकांचा फोन. "उद्या लग्नाला न्यायचीय हो, जरा बघून..."

"काका, आज गाडी हलणार नाही," मी सांगून टाकलं. या गाडीत मास्टर सिलिंडर एकच आणि त्यातून चारही चाकांना जाणारी लाइनही एकच. एका चाकाला गळती लागली की पेडल जमिनीला टेकतं आणि चारही ब्रेक जातात. दोन स्वतंत्र लाइनींची सक्ती अमेरिकेत १९६८ मध्ये आली. त्याआधीच्या गाडीला थेंबभर गळतीही माफ नाही.

साडेआठ ते दहा, चाक आणि ड्रम. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. नव्या पोराला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो सोडवायच्या नादात आवळत बसतो आणि बोल्ट तोडतो. मागचा ड्रम निमुळत्या ॲक्सलवर चावीने बसवलेला असतो. त्याला पुलरच हवा; हातोडा मारला तर बेअरिंगचा जीव जातो. ड्रम निघाला की आतली भुकटी फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. पाणी शिंपडून ओल्या फडक्यानेच पुसायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला हा पहिला धडा.

सिलिंडर उघडला तर आत गंजाचे खड्डे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात पाण्याला काय तोटा! गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ते पाणी सिलिंडरच्या तळाशी बसून लोखंड खातं. अशा खड्ड्यांवर नवा रबर कप घातला तरी गळणारच.

साडेदहा, ऑपेरा हाऊसला पार्टचं दुकान. दुकानातला मुलगा विचारतो, "गाडी कोणती?" डॉज किंग्जवे म्हटलं की तो मान हलवतो. नावाने शोधून उपयोग नाही, कारण किंग्जवे मुळात निर्यातीसाठी डॉजचं नाव लावलेली प्लिमथ आहे. बाहेरची जाळी आणि बिल्ले डॉजचे, खालचं सगळं प्लिमथचं. म्हणून मी व्हर्नियरने घेतलेली मापं लिहून नेतो आणि जुना कप काउंटरवर ठेवतो. तो बघून आतले शेठ स्वतः उठून आले आणि माळ्यावरचा डबा काढून दिला. कप मिळाले, बूट मिळाले. पुढच्या चाकांत दोन-दोन सिलिंडर आणि मागे एकेक, असे सहा. सगळ्यांचे रबर एकदमच घेतले. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत उभे असतात.

दुपारी दीड, कुर्ला, सीएसटी रोड. इथे गोण्यांत अख्ख्या गाड्या सुट्ट्या होऊन पडलेल्या असतात. मला हवा तो सिलिंडर सापडला, पण आतून आमच्यापेक्षा वाईट. भंगारवाल्या चाचांनी दुसऱ्या गाडीचा काढून दाखवला, "हा बसतो, लाव." दिसायला जुळा भाऊ. पण पाइपाच्या नटाचं भोक दहा मिलिमीटरचं, आणि आमचा नट तीन अष्टमांश इंचाचा, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, इंचाला २४ आटे. तो ढिला जातो, चार आटे धरतो, आवळला की धरल्यासारखाही वाटतो. पाय जोरात पडला की सुटेल. "चाचा, ब्रेकमध्ये जुगाड नको," म्हटलं. तेही लगेच म्हणाले, "बरोबर आहे." गाड्या तोडणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही.

तीन वाजता लेथवर. आपलाच सिलिंडर वाचवायचा ठरलं. टर्नरने भोक मोठं केलं, खड्डे संपेपर्यंत. मग पितळेची स्लीव्ह दाबून बसवली आणि आतून घासत घासत मूळ मापाला आणली. शेवटचा हात तो मशीन थांबवून बोटाने बघतो. ऑइल येण्याचं छिद्र स्लीव्हमधून पुन्हा पाडायचं, आणि त्याची धार मोडायची, नाहीतर पहिल्याच दाबात कप फाटतो. पितळ गंजत नाही. हे काम परदेशातून मागवलेल्या नव्या सिलिंडरपेक्षा जास्त टिकेल असं माझं ठाम मत आहे.

पाच ते सात, जोडणी. मग हवा काढायची. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं आधी. अमेरिकन पुस्तक डोळे मिटून पाळलं तर मागच्या उजव्यापासून सुरुवात होते.

साडेसात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आता सकाळ, दुकानं उघडतायत. मास्टर सिलिंडरचं किट मागवायला फोन केला. डॉज म्हणालो नाही, प्लिमथ म्हणालो. पलीकडच्या माणसाने लगेच ओळखलं. तयार वाकवलेल्या पाइपांचा संचही देतो म्हणाला. तो घेतला नाही. डाव्या स्टिअरिंगच्या मापाचे पाइप आपल्या गाडीला बसत नाहीत. ते इथेच वाकवायचे.

साडेआठला पेडल दाबून धरलं. पाय खाली सरकला नाही. सहाही सिलिंडर कोरडे. तरी गाडी उद्या लग्नाला जाणार नाही. आधी रिकाम्या रस्त्यावर फिरवून, ड्रम पुन्हा उघडून बघणार.

तुमच्या घरी आजोबांची अशी गाडी झाकून ठेवलेली असेल, तर ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. आणि गंजलेला सिलिंडर भंगारात देऊ नका. आतून तो नवा करता येतो. बाहेरचं ओतीव मात्र आता इथे कोणी बनवत नाही.