‘आयर्विनला किती?’ एवढे कळायला मोबाइलवर इतका वेळ का लागतो?

महाबळेश्वर, नवजा आणि कोयनानगरला पावसाने मुक्काम ठोकला, की सांगलीत घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : ‘आयर्विनला किती?’ आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी, ४५ फुटांवर गेले की धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर पोहोचले होते. दत्तनगर किंवा सूर्यवंशी प्लॉटमधल्या घरांसाठी या आकड्यावर बरेच काही ठरते. फ्रिज माळ्यावर कधी चढवायचा, जनावरे कधी सोडवून न्यायची, आजीला नातेवाइकांकडे कधी पोहोचवायचे, हे सगळे त्यावरच.

आकडा मिळत नाही, अशी आज परिस्थिती नाही. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व पाणीपातळी आपोआप मोजून पाठवणारी यंत्रणा जलसंपदा विभागाने बसवली आहे. केंद्रीय जल आयोगाचे ‘फ्लडवॉच इंडिया’ हे ॲप २०२३ पासून आहे. अडचण येते ती शेवटच्या टप्प्यात. पाटण तालुक्यातल्या डोंगरकपारीत, वीज गेलेली आणि मोबाइलला जेमतेम एक कांडी रेंज. अशा वेळी माहितीचे पेज उघडायला घेतले, की मधले चक्र नुसते फिरत राहते.

५० बाइटचा आकडा, ३ एमबीचा फोटो

‘आयर्विन पूल : ४० फूट’ एवढी ओळ पाठवायला किती डेटा लागतो? संगणकावर मराठी साठवण्याच्या सर्वांत प्रचलित पद्धतीत प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आणि उकार यांना ३-३ बाइट लागतात, तर जागा आणि विसर्गचिन्हासारखा ठिपका यांना १-१. या हिशोबाने ही ओळ ५० बाइटची होते.

हाच आकडा कुणी फळ्यावर लिहून त्याचा फोटो टाकला, तर फोटो सहज ३ एमबीचा होतो. म्हणजे ६० हजार पट ओझे. रेंज खालावून वेग सेकंदाला १०० किलोबिटवर आला, तर तो फोटो उतरायला ४ मिनिटे लागतील. तेवढ्याच वेगाने ५० केबीचे साधे पेज ४ सेकंदांत उघडेल. सही-शिक्क्याच्या कागदाचे स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफचेही फोटोसारखेच. त्यातला मजकूर म्हणजे चित्र असते, त्यामुळे तो शोधता येत नाही आणि अंध व्यक्तीच्या फोनला वाचूनही दाखवता येत नाही.

मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त बाइट लागतात म्हणून मराठी पेज जड होते, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे. सर्व्हरवरून निघताना मजकूर दाबून लहान केला जातो आणि मराठीतले बाइट सारखे सारखे तेच येत असल्यामुळे ते छान दाबले जातात. पेज जड होते ते मोठी चित्रे, फिरते बॅनर, तीन-चार प्रकारचे फॉन्ट आणि कुणीच न वापरणाऱ्या प्रोग्रॅममुळे.

सगळा पावसाळा एकदम कशाला?

जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. दर तासाला एक नोंद धरली, तर एका ठिकाणच्या २,९२८ नोंदी होतात. अशी ५० ठिकाणे धरली, तर आकडा जवळपास दीड लाखावर जातो. काही वेबसाइट हा सगळा साठा आधी फोनवर ओततात आणि मग त्यातली एक ओळ दाखवतात. कार्यालयातल्या संगणकावर हे खपून जाते. आठ-नऊ हजारांच्या फोनवर मात्र पेज गोठते, कारण डेटा उतरल्यावर तो उलगडून हजारो ओळींचा तक्ता मांडायचे काम फोनच्याच प्रोसेसरला करावे लागते. मजकूर दाबून पाठवल्याने इंटरनेटचा वेळ वाचतो, ही मेहनत वाचत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. पहिल्यांदा फक्त ताजी नोंद पाठवायची : ठिकाण, पातळी, वेळ आणि पाणी चढते आहे की उतरते. मागचे दिवस कुणी मागितले तरच द्यायचे, तेही वीस-पंचवीस ओळींच्या तुकड्यांत. यादी मोठीच असेल, तर पडद्यावर दिसतात तेवढ्याच ओळी प्रत्यक्ष मांडायच्या आणि बोट सरकेल तशा पुढच्या आणायच्या. सांगलीच्या हळदीचे आणि बेदाण्याचे भाव दाखवणाऱ्या पेजलाही हीच युक्ती चालते. शेतकऱ्याला आजचा भाव हवा असतो, तीन वर्षांचा इतिहास नव्हे.

आलेखात शिखर हरवू नये

येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. साधारण फोनचा पडदा वेब पेजच्या हिशोबात ३६० पिक्सेलच्या आसपास रुंद असतो. त्यावर २,९२८ नोंदींचा आलेख काढला, तर एकेका उभ्या रेघेवर आठ-आठ नोंदी कोंबल्या जातात. त्या दिसतही नाहीत आणि फोन मात्र दमतो. म्हणून सर्व्हरवरच नोंदी कमी करून पाठवाव्या लागतात.

कमी करताना आठ नोंदींची सरासरी काढणे सोपे वाटते. पण पाणी रात्री दोन तास ४५ फुटांना टेकून उतरले असेल, तर सरासरीत ते ४४ दिसेल आणि धोका पातळी ओलांडलीच नाही, असा समज होईल. त्यामुळे प्रत्येक गटातली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त नोंद ठेवून बाकीच्या गाळायच्या. डेटा कमी होतो आणि शिखरही जागेवर राहते. पुराच्या आलेखात शिखर गाळणारा प्रोग्रॅम कितीही वेगवान असला, तरी उपयोगाचा नाही.

साठवलेली प्रत आणि तिचा धोका

किराणा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मार्केट यार्डात धावत नाही, माल दुकानात भरून ठेवतो. वेबसाइटचेही तसेच. पूर आला की हजारो लोक एकाच मिनिटाला तोच आकडा विचारतात. प्रत्येकासाठी मूळ साठ्यात शोधाशोध केली, तर सर्व्हर झोपतो. एकदा काढलेले उत्तर पाच मिनिटे साठवून सगळ्यांना तेच दिले, तर तो तग धरतो. या साठवणीला ‘कॅश’ म्हणतात. हीच प्रत फोनमध्ये ठेवण्याचीही सोय असते, त्यामुळे रेंज पूर्ण गेली तरी शेवटचा आकडा दिसतो.

पण दुकानातला माल शिळा होतो. फोनवर ३८ फूट दिसत असतील आणि ती नोंद सकाळी ६ ची असेल, तर दुपारपर्यंत पाणी ४२ वर गेलेले असू शकते. म्हणून आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत नोंदीची तारीख आणि वेळ हवी. ‘इंटरनेट नाही, ही जुनी नोंद आहे’ असेही स्पष्ट लिहायला हवे. अशा पेजवर वेळ न लिहिलेला हिरवा रंग, काहीच न दाखवण्यापेक्षा वाईट.

लहान पडद्याचे गणित

धरणांच्या माहितीत नाव, क्षमता, आजचा साठा, टक्केवारी, आवक, विसर्ग, पाऊस असे सात-आठ रकाने असतात. संगणकावर ते शेजारी-शेजारी बसतात. फोनवर मात्र बोटाने आडवे सरकवता सरकवता कोयनेचा आकडा वारणेच्या ओळीत वाचला जातो. पडद्याप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या पद्धतीला ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतील डिझायनर एथन मार्कोट यांनी २०१० मध्ये रूढ केले. या पद्धतीत एकेका धरणाची छोटी चौकट करून त्या एकाखाली एक रचता येतात. कोयनेच्या चौकटीत १०५.२५ टीएमसी क्षमतेपैकी किती साठा आहे आणि किती क्युसेक पाणी सोडले आहे, हे वर, बाकीचे खाली.

गूगलने चांगल्या पेजसाठी काही मोजमापे ठरवली आहेत. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर ०.२ सेकंदात प्रतिसाद मिळावा आणि वाचताना मजकूर उड्या मारू नये. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते. पण उशिरा उतरलेल्या चित्रामुळे यादी खाली सरकते आणि आपल्या गावाऐवजी भलत्याच गावावर बोट पडते, हे अनेकांनी अनुभवले असेल. चित्राची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवली, तर जागा राखली जाते आणि हा प्रकार टळतो.

वाचकाच्या हातात काय?

पावसाळ्याआधी पातळी दाखवणारे अधिकृत पेज एकदा उघडून होम स्क्रीनवर ठेवावे, फोनमध्ये थोडी जागा मोकळी ठेवावी. ब्राउझरमधला ‘डेस्कटॉप साइट’ हा पर्याय चुकून सुरू राहिला असेल, तर बंद करावा. त्यामुळे फोनवरही संगणकाची मोठी मांडणी येते. ग्रुपवर आलेला स्क्रीनशॉट पुढे पाठवण्याआधी त्यावरची वेळ पाहावी, आणि स्वतः पाठवताना फोटोऐवजी ठिकाण, फूट आणि वेळ टाइप करावी. अशी ओळ कमी रेंजमध्येही पोहोचते आणि रेंज असून इंटरनेट चालत नसेल, तर साध्या एसएमएसने जाते.