नव्या शिक्षकाचे पहिले वर्ष

नियुक्तिपत्र हाती पडण्याचा दिवस तरुणाच्या आयुष्यात आनंदाचा असतो. मात्र त्यानंतरचे पहिले वर्ष बहुधा कसोटीचे ठरते. दुर्गम भागातील जिल्हा परिषद शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षण सेवकाला हा अनुभव प्रकर्षाने येतो.

राज्यात शिक्षण सेवक योजना २००० साली सुरू झाली. तीनुसार पहिली तीन वर्षे मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन दरमहा ६,००० रुपये होते. ते १ जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये करण्यात आले. तरीही खोलीचे भाडे, प्रवास आणि घरी पाठवावयाची रक्कम यांचा मेळ घालणे सोपे नसते.

अडचण कोणाची?

मेळघाटातील अनेक मुलांच्या घरी कोरकू बोलली जाते, तर धडगाव परिसरात पावरी आणि भिली. मराठवाड्यातून तेथे गेलेल्या शिक्षकाचे बोलणे पहिलीच्या मुलांना कळत नाही. लहान शाळेत दोनच शिक्षक असतात. त्यांपैकी एक बैठकीस गेला की सर्व वर्ग दुसऱ्याने सांभाळावयाचे. अशा वेळी परिस्थितीतील अडचण ही आपलीच अपात्रता आहे, असा समज नवा शिक्षक करून घेतो. निराशेचे मूळ पुष्कळदा येथेच असते. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे ही आशावादी दृष्टीची पहिली पायरी होय.

आशावाद म्हणजे गैरसोयीकडे डोळेझाक नव्हे. छप्पर गळत असेल तर तसे लेखी कळविलेच पाहिजे. परंतु जे आपल्या हाती आहे त्याची सुरुवात लगेच करता येते. मुलांकडूनच त्यांच्या बोलीतील रोज पाच शब्द शिकावेत. कोणते मूल काय वाचू लागले, याची आठवड्याला एकदा नोंद ठेवावी. एरवी न जाणवणारी प्रगती अशा वहीत दिसू लागते.

गावाशी नाते

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीची बैठक केवळ इतिवृत्तापुरती न ठेवता गावाची ओळख करून घेण्याचे साधन मानल्यास एकटेपणा कमी होतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली, आणि विद्यार्थ्यांशी त्यांचा जिव्हाळा वर्गाबाहेरच्या या सहवासात वाढला.

इतरांचे कर्तव्य

मन खंबीर ठेवण्याची सर्व जबाबदारी त्या तरुणावर टाकणे मात्र न्याय्य नाही. केंद्रप्रमुखांची पहिली भेट तपासणीसाठी नव्हे, तर मार्गदर्शनासाठी असावी. अनुभवी सहकाऱ्याने अभिलेख व नोंदवह्यांचे काम समजावून द्यावे. राहण्याची खोली, पिण्याचे पाणी, जेवणाची सोय यांची विचारपूस सरपंच आणि सदस्यांनी पहिल्याच आठवड्यात केली, तर परका माणूस गावाचा होण्यास वेळ लागत नाही.

झोप उडणे, कामात मन न लागणे, सतत खिन्न वाटणे असे दीर्घकाळ होत असल्यास तो दुबळेपणा समजू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशभर सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो; मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.