हॅम्पस्टेडचे उद्यान-उपनगर : जिवंत कुंपणे आणि शेजारधर्म

लंडनच्या मध्यवर्ती भागातून भुयारी रेल्वेने उत्तरेकडे निघाले की हॅम्पस्टेडच्या टेकडीच्या पोटातून गाडी धावते आणि गोल्डर्स ग्रीन स्थानकाजवळ ती प्रथमच उजेडात येते. स्थानकापासून थोड्याच अंतरावर हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब ही वसाहत आहे. आपण तिला उद्यान-उपनगर म्हणू. सुमारे पाच हजार घरांची ही वस्ती नगररचनेच्या अभ्यासकांना जगभर परिचित आहे, ती तेथील कौलारू घरांमुळे, वृक्षांच्या रांगांमुळे आणि दोन घरांमधील भिंतींऐवजी राखलेल्या हिरव्या कुंपणांमुळे. परंतु आम्हांस या वसाहतीची दुसरी बाजू अधिक विचारार्ह वाटते. कुंपण कायद्याने राखता येते, शेजार मात्र कायद्याने राखता येत नाही. तो राखण्यासाठी तेथील रहिवासी शंभराहून अधिक वर्षे विनामोबदला राबत आले आहेत, आणि इतके करूनही वसाहतीचा मूळ हेतू त्यांच्या हातून बराचसा निसटला आहे. या दोन्ही गोष्टी आम्ही येथे वाचकांपुढे मांडत आहोत.

या उपनगराची कथा सुरू होते ती लंडनच्या पूर्वेकडील व्हाइटचॅपेल या दरिद्री भागात. १८७३ साली सॅम्युएल बार्नेट हे अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू नवविवाहित पत्नी हेन्रिएटा यांच्यासह तेथील संत ज्यूड यांच्या धर्मग्रामात आले. लंडनच्या बिशपांनीच या धर्मग्रामाचे वर्णन आपल्या धर्मप्रांतातील सर्वांत वाईट असे केले होते. कोंदट खोल्या, रोगराई, बेकारी आणि मद्यपान यांत तेथील कुटुंबे पिचत होती. केवळ दानधर्माने ही स्थिती पालटणार नाही, सुशिक्षितांनी गरिबांच्या शेजारी जाऊन राहिले पाहिजे, असा विचार बार्नेट दांपत्याने केला. त्यातून १८८४ साली टॉइन्बी हॉल ही संस्था उभी राहिली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथून शिकून बाहेर पडलेले तरुण तेथे वास्तव्य करीत आणि मोकळ्या वेळात शिकवणे, सल्ला देणे, पाहणी करणे अशी कामे करीत. पुढे इंग्लंडच्या समाजकल्याण व्यवस्थेचा पाया घालणारे विल्यम बेव्हरिज आणि पंतप्रधान झालेले क्लेमेंट अॅटली या दोघांनीही तरुणपणी तेथे काम केले होते. व्हाइटचॅपेलच्या मुलांना वर्षातून काही दिवस तरी गावाकडची मोकळी हवा मिळावी म्हणून हेन्रिएटाबाईंनी सुट्टीची योजनाही चालविली.

बार्नेट दांपत्याचे हॅम्पस्टेड हीथ या विस्तीर्ण माळरानाजवळ एक घर होते. नव्या शतकाच्या आरंभी भुयारी रेल्वे तेथवर येणार असे ठरले आणि रेल्वेमागोमाग एकसारख्या घरांच्या रांगा हे माळरान गिळून टाकतील, हे बाईंच्या ध्यानी आले. माळरानालगतची शेतजमीन ईटन कॉलेज या प्रख्यात विद्यालयाच्या मालकीची होती. बाईंनी समिती स्थापिली, वर्गणी जमविली, पत्रांमागून पत्रे लिहिली आणि ऐंशी एकर जागा सार्वजनिक वापरासाठी मिळविली. एखादी सामान्य व्यक्ती येथे समाधान मानून थांबली असती. बाईंनी मात्र त्या पलीकडची २४३ एकर जमीनही मागितली. तेथे त्यांना अशी वस्ती वसवायची होती जिच्यात श्रीमंत, मध्यमवर्गीय आणि कामगार एकाच परिसरात राहतील. व्हाइटचॅपेलमध्ये मूठभर सुशिक्षित गरिबांकडे राहावयास गेले होते. येथे सर्वांनी मिळून नव्या जागी यावे, अशी ती कल्पना होती. कामगाराला दोन पेनींच्या भाड्यात शहरात कामावर जाता-येता यावे हा हिशेबही त्यात होता. ज्या रेल्वेशी त्यांचा झगडा झाला तिचाच उपयोग त्यांनी करून घेतला, हे आम्हांस त्यांच्या व्यवहारचातुर्याचे लक्षण वाटते.

२ मे १९०७ रोजी हेन्रिएटाबाईंनी स्वहस्ते पहिली कुदळ मारली. आराखडा रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर यांचा. मध्यवर्ती चौक आणि त्यातील दोन चर्च यांची रचना एडविन लट्येन्स यांची. हेच लट्येन्स पुढे नव्या दिल्लीचे शिल्पकार म्हणून आपल्या देशाला परिचित झाले. वसाहतीसाठी १९०६ साली ब्रिटिश संसदेने स्वतंत्र कायदा संमत केला होता. एकरी सरासरी आठांहून अधिक घरे नकोत, हे बंधन त्यात होते. त्याच कायद्याने नेहमीपेक्षा अरुंद रस्ते आणि एका बाजूने बंद असलेल्या गल्ल्या बांधण्याची मुभा मिळाली. रुंद रस्त्यांचा खर्च वाचला तर ती बचत बागांवर लागेल, असा अन्विन यांचा विचार होता. घरांच्या मागून जाणाऱ्या पाऊलवाटांना तेथे ‘ट्विटन’ म्हणतात. या वाटांनी लहान मुले रहदारीत न सापडता मित्राच्या घरी जातात आणि भाजीपाल्याच्या वाफ्यांकडे निघालेली माणसे एकमेकांना भेटतात.

बाईंच्या नियमांत काही कडक होते. वसाहतीत मद्यालय नको. दुकाने सीमेवर असावीत, आत नकोत. शांततेचा भंग होऊ नये म्हणून चर्चच्या घंटांनाही मनाई! आंजेलसच्या घंटेवर दिवसाचे प्रहर ओळखत वाढलेल्या आमच्यासारख्यांस हा नियम थोडा रुक्ष वाटला, हे सांगितलेच पाहिजे.

घरे कोणासाठी बांधली गेली हे पाहिले म्हणजे मूळ हेतू स्पष्ट होतो. वृद्धांसाठी ‘द ऑर्चर्ड’ ही इमारत १९०९ साली झाली. त्याच वर्षी एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रियांसाठी ‘वॉटरलो कोर्ट’ झाले. हिरवळीचे अंगण, त्याभोवती मठातल्यासारखी कमानदार ओसरी आणि ओसरीवर उघडणारी छोटी घरे, अशी त्याची रचना बेली स्कॉट या वास्तुरचनाकारांनी केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या विधवांसाठीही घरे बांधली गेली. कामगारांची बरीच घरे सहभागीदारी तत्त्वावरील भाडेकरू संस्थांनी उभारली. या पद्धतीत भाडेकरू हाच संस्थेचा भागधारक असे आणि भांडवलावरील लाभांशाला मर्यादा असे. म्हणजे घर कोणा एकाच्या नफ्याचे साधन न होता सर्वांच्या समाईक जबाबदारीचा विषय झाले. सहकाराचा हाच प्रवाह त्या काळात मुंबईतही खळाळत होता. १९१५ साली गावदेवी येथे रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. पाठोपाठ १९१८ साली वांद्र्यात साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिच्या बंगल्यांच्या व बागांच्या खुणा आजही त्या भागात दिसतात. हॅम्पस्टेडच्या कामगारांची घरे आणि वांद्र्याचे बंगले ही एकाच विचाराची अपत्ये आहेत, असे आम्ही समजतो.

आता शेजाराकडे वळू. मद्यालय नाही, तर माणसांनी संध्याकाळी एकत्र यावे कोठे? याचे उत्तर म्हणून विलिफील्ड ग्रीन या हिरवळीशेजारी क्लब हाउस बांधण्यात आले. मध्यवर्ती चौकात प्रौढशिक्षणाची संस्था निघाली. १९११ साली मुलींची शाळा सुरू झाली. ती आज हेन्रिएटा बार्नेट यांच्याच नावाने नामांकित आहे. चौकात संत ज्यूड यांचे अँग्लिकन चर्च आणि त्यासमोर अन्य प्रोटेस्टंट पंथीयांचे फ्री चर्च उभे राहिले. क्वेकर पंथाचे प्रार्थनागृह आले, १९३० च्या दशकात यहुदी बांधवांचे सिनेगॉगही आले. व्हाइटचॅपेलच्या धर्मग्रामाच्या आश्रयदात्या संताचेच नाव या नव्या चर्चला देण्यात आले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

संस्था बाईंनी दिल्या, पण त्या चालविल्या रहिवाशांनी. बागप्रेमींचे मंडळ १९०९ सालचे. फुलांची आणि भाजीपाल्याची प्रदर्शने भरविणे हे त्याचे काम. रहिवासी संघ १९११ सालचा. झाडे, रस्ते, बांधकामाचे अर्ज अशा एकेका विषयासाठी रहिवासी समित्या करून बसतात. संघाचे वार्तापत्र स्वयंसेवक घरोघरी नेऊन टाकतात. लिटल वूड नावाच्या राईत खुला रंगमंच आहे. तेथे उन्हाळ्यात हौशी नटमंडळी नाटके करतात आणि प्रेक्षक पावसाची धास्ती घेऊन छत्र्यांसह बसतात. इंग्लंडच्या हवेत हे धाडसच म्हणावे लागेल. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात क्लब हाउस नष्ट झाले. त्याच विलिफील्ड ग्रीनच्या परिसरात पुढे ‘फेलोशिप हाउस’ हे वृद्धांचे भेटीगाठींचे ठिकाण झाले. मुले दूर गेलेल्या, जोडीदार गमावलेल्या माणसाला आठवड्यातून काही वेळा तरी कोणी नावाने हाक मारावी, यासाठी ते आहे. आम्हांस विचाराल तर एखाद्या सुबक कमानीपेक्षा ही हाक त्या वसाहतीचा मोठा ठेवा आहे.

हे सर्व आपोआप टिकले असे मात्र कोणी समजू नये. १९६७ साली ब्रिटिश संसदेने भाडेपट्टा सुधारणेचा कायदा केला. दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर राहणाऱ्यांना त्याने आपल्या घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. हा हक्क न्याय्य होता. पण येथे त्याने पेच निर्माण केला. तोवर पट्ट्याच्या अटींमुळे कोणी कुंपण तोडून भिंत बांधू शकत नसे, झाड पाडू शकत नसे, घराला वाटेल तसा सज्जा काढू शकत नसे. प्रत्येक जण मालक झाला की या अटी संपणार होत्या. तेव्हा रहिवाशांनी स्वस्थ न बसता मोहीम उघडली. १९६८ साली नवा विश्वस्त न्यास स्थापन झाला आणि १९७४ साली उच्च न्यायालयाने व्यवस्थापन योजनेला मान्यता दिली. त्यानुसार मालक झालेल्यासही घराच्या बाह्य स्वरूपात बदल करण्यापूर्वी न्यासाची संमती घ्यावी लागते आणि न्यासाच्या खर्चासाठी दरवर्षी आकार भरावा लागतो. न्यासाचे काही सदस्य रहिवासी निवडून देतात, काही व्यावसायिक संस्था नेमतात. स्वतःच्या मालकीच्या खिडकीची चौकट बदलण्यासाठी शेजाऱ्यांच्या संस्थेकडे अर्ज करावयाचा, हे पुष्कळांना जाचक वाटते आणि त्यावरून वादही झडतात. ‘माझे घर, माझी मर्जी’ असे म्हणण्याची सवय आपल्याकडेही काही कमी नाही. पण तेथे पाच हजार घरांनी आपापली मर्जी थोडी आवरली म्हणून आज झाडे उभी आहेत, हे नाकारता येत नाही.

आणि येथेच दुखरी बाजू सुरू होते. झाडे राहिली, शांतता राहिली, लंडन हाकेच्या अंतरावर राहिले. साहजिकच घरांच्या किमती चढत गेल्या. ज्या छोट्या घरांत एकेकाळी गवंडी, सुतार, कारकून भाडे देऊन राहत, ती घरे आज सामान्य पगारदाराच्या आवाक्यापलीकडे आहेत आणि मोठी घरे कित्येक दशलक्ष पौंडांना विकली जातात. सहभागीदारी संस्थांची घरे कालांतराने खाजगी मालकीची झाली. वृद्धांसाठीची काही घरे सोडली तर ज्यांच्यासाठी ही वसाहत स्वप्नात आली ती माणसे तेथून जवळजवळ नाहीशी झाली. हेन्रिएटाबाई १९३६ साली वारल्या. हा बदल पुरता होईपर्यंत त्या हयात नव्हत्या.

याचा दोष आम्ही आजच्या रहिवाशांना देत नाही. आराखड्यात कुंपणाच्या उंचीची जेवढी तरतूद होती तेवढी परवडणाऱ्या भाड्याची कायमची तरतूद नव्हती, हे खरे कारण आहे. सौंदर्य जपणारा कायदा झाला, पण समाजाची मिसळण जपणारा कायदा झाला नाही. स्वयंसेवक वार्तापत्र वाटू शकतो, आजीबाईंना जेवायला घेऊन येऊ शकतो, रोप लावू शकतो. घराची किंमत मात्र त्याला खाली आणता येत नाही.

त्याला जे करता येते त्याचे एक उदाहरण द्यावयाचे तर ते संत ज्यूड यांच्या चर्चमधील संगीतमहोत्सवाचे. १९९३ साली सुरू झालेला हा महोत्सव उन्हाळ्याच्या आरंभी भरतो. तिकिटे, आसने, कलावंतांची सोय, मध्यंतरातील खाद्यपेये ही सर्व कामे स्वयंसेवक करतात. त्यातून उरणारी रक्कम दोन ठिकाणी जाते. पहिले ठिकाण मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारे नॉर्थ लंडन हॉस्पिस. दुसरे ठिकाण व्हाइटचॅपेलमधील टॉइन्बी हॉल. तेथे आजही कर्जात बुडालेल्यांना सल्ला आणि वकिलाची फी न परवडणाऱ्यांना विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळते.