रास्पबेरी पाय स्लो झालाय? सीपीयूला दोष देण्याआधी हे तपासा

माझ्या घरी टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय ४ चोवीस तास चालू असतो. घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो त्याच्या एसडी कार्डवर जमा होतात. मध्यंतरी आईने तक्रार केली, "फोटो उघडतच नाहीत रे." लॉगिन करून बघितलं तर लोड ॲव्हरेज ९ च्या वर! चारच कोअर असलेल्या प्रोसेसरवर ९ म्हणजे सीपीयूची वाट लागली, असं समजून मी फोटोंचं ॲप काढून पुन्हा टाकणार होतो. बरं झालं, थांबलो.

लोड ॲव्हरेज म्हणजे सीपीयूचा वापर नाही

लिनक्समध्ये या आकड्यात सीपीयू वापरणाऱ्या प्रोसेससोबतच डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. त्यामुळे टर्मिनलमध्ये 'टॉप' ही कमांड द्या आणि वरच्या सीपीयूच्या ओळीत दोन आकडे बघा.

'यूएस' जास्त असेल तर एखादा प्रोग्रॅम खरंच सीपीयू खातोय. खालच्या यादीत तो सगळ्यात वर दिसेल. तिथे १००% म्हणजे एक कोअर पूर्ण भरला. चार कोअरवर हा आकडा ४००% पर्यंत जाऊ शकतो. अपडेट चालू असेल किंवा नवीन फोटोंचे थंबनेल बनत असतील, तर थोडा वेळ थांबा, आपोआप कमी होईल.

'डब्ल्यूए' जास्त असेल तर सीपीयू रिकामा बसून स्टोरेजची वाट बघतोय. माझ्याकडे हेच होतं. मग 'डीमेसेज' कमांडने कर्नलचा लॉग काढला, तर एसडी कार्डच्या एररची रांगच लागलेली. कार्ड शेवटच्या घटका मोजत होतं. त्यावर ॲप पुन्हा टाकत बसलो असतो तर कदाचित फोटोही गेले असते.

उष्णता आणि चार्जर

पाय ४ चं तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की तो स्वतःचा वेग कमी करतो. मग तेच काम जास्त वेळ चालतं आणि सीपीयू सतत बिझी दिसतो. हीटसिंक किंवा छोटा फॅन लावा.

व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं तरी वेग कमी होतो. त्याच लॉगमध्ये 'अंडर-व्होल्टेज' शब्द दिसला तर जुना मोबाईल चार्जर काढा आणि ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॉप्टर वापरा.

एररवालं कार्ड असेल तर

आधी लिहिणारे सगळे प्रोग्रॅम बंद करा, डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, मगच बाकीची दुरुस्ती. मी आता फोटो यूएसबी एसएसडीवर ठेवतो आणि दर रविवारी एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतो. आईचे फोटो पुन्हा पटापट उघडतात.